चांगली मूठ

आमच्या मंडळीचे नवे पाळक तरुण आहेत, उत्साही आहेत, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नियमित दानावर उपदेश करतात. मनात आलं तेव्हा देणं ही लहर झाली, रोज न चुकता देणं ही भक्ती, असं ते सांगतात. चांगलं सांगतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकते आणि मान हलवते. मागच्या महिन्यात ते घरी आले, दोन कप चहा प्याले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही तरुणपणी जव्हार संस्थानात डोंगरात काम केलंत. तिथे मुठीचं दान तुम्ही सुरू केलंत असं ऐकलं. येत्या रविवारी साक्ष द्या ना."

मी म्हटलं, घसा बसलाय.

माझा घसा उत्तम आहे. पण साक्ष म्हणजे जिच्या शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं. माझ्याकडे जी आहे तिला आमेन लागत नाही. लावून पाहिलंय, बरीच वर्षं. म्हणून बोलण्यापेक्षा लिहून ठेवते. पाळकांना वाचायची असेल तर मी गेल्यावर वाचतील.

मुठीची रीत आधी सांगायला हवी, कारण आता ती कोणी पाळत नाही. मी लहानाची मोठी झाले नाशिककडच्या एका मिशनच्या कंपाउंडात. तिथे सगळ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या खोल्या एका रांगेत होत्या आणि रोकड कोणाच्याच हाती फारशी नसे. म्हणून घरोघरच्या बायांनी एक करायचं: चुलीवर आधण चढलं की शिजवायच्या धान्यातून एक मूठ काढायची आणि कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायची. टाकताना कोणा एकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी दोन शब्द प्रार्थना करायची. गाडगं भरलं की देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायचं. ते धान्य विधवांना, आजाऱ्यांना, वाटसरूंना जाई. याला नुसतं 'मूठ' म्हणत. "आज मूठ टाकलीस का?" असं आई विचारायची, जसं दुसऱ्या आया तोंड धुतलंस का विचारतात.

माझा हात लहान आहे. आई म्हणायची, "पोळी लाटताना हात बरोबर पसरतो तुझा. देवाला देतानाच कसा आकसतो?" खरं सांगायचं तर मी या कामात कधी पक्की नव्हते. तीन दिवस विसरायचे, शनिवारी तीन मुठी एकदम टाकायच्या आणि तिघांची नावं एका दमात उरकायची. लग्न झाल्यावर ह्यांच्या हे लक्षात आलं तेव्हा हे फार हसले. म्हणाले, "देव तुझ्याकडून व्याज मागणार आहे." हे शाळामास्तर आणि उपदेशक. माणूस हसरा होता, त्यामुळे मिशनने जिथे कोणी जाईना तिथे ह्यांना पाठवलं.

ते ठिकाण मोखाड्याकडे, सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एक पाडा. पंचवीसेक घरं, तीही एकमेकांपासून लांब लांब, उतारावर. शाळा काढायला संस्थानच्या कचेरीची परवानगी लागे. हे त्यासाठी जव्हारला तीन खेपा पायी गेले आणि चौथ्या खेपेला कागद घेऊन आले. शाळेत मुलं चार. त्यातली दोन गुरं राखायची वेळ झाली की उठून जात. आम्ही बाहेरची, धर्माने वेगळी, बोलीही आमची पुस्तकी. कोणी वाईट वागलं नाही. कोणी जवळही आलं नाही. तिथे लहानथोर सगळे एकमेकांना 'तू' म्हणत आणि मलाही. पहिले काही दिवस मला त्याचा राग यायचा. पुढे कोणी 'तुम्ही' म्हटलं तर परकं वाटू लागलं.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी संपलं. वरचा झरा चैत्रातच आटला आणि खाली दरीत एक झिरा तेवढा राहिला. तिथे बाया पहाटेपासून बसून वाटी वाटीने हंडा भरायच्या. मला तो रस्ता जमेना. दोनदा पाय घसरून हंडा गेला. तिसऱ्या दिवशी दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर एकावर एक दोन हंडे. वरचा उतरवून तिने माझ्या ओट्यावर ठेवला आणि निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाऊस लागेपर्यंत रोज. मी विचारलं, "का आणतेस?" तर म्हणाली, "तुला नाय जमत म्हून." एवढंच तिचं कारण.

आमच्या पाड्यातली बाप्तिस्मा घेतलेली ती पहिली बाई आणि शेवटचीही. वय पस्तिशीचं असेल. मूलबाळ नव्हतं. नवरा कमी बोलणारा, नागली म्हणजे नाचणी आणि थोडा भात पिकवायचा. तुझ्या देवाकडे जायचं तर जा म्हणाला, आणि पुन्हा नांगराकडे वळला. कुडाच्या एका भिंतीपलीकडे दिराचं घर. जावेला एक मुलगी होती, पाच वर्षांची. ती पोर दिवसातला निम्मा वेळ या काकीच्या कडेवर असे. मी तिला 'बाय' म्हणायची, ती मला 'मास्तरीण'. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, देणं हे तिने मला शिकवलं. पण मिशनला पाठवायच्या अहवालात मी लिहिलं ते उलट.

बाप्तिस्म्यानंतरच्या आठवड्यात मी तिला मूठ शिकवली. तिच्या चुलीपाशी बसून गाडगं कोपऱ्यात ठेवलं, नागलीची एक मूठ भरून दाखवली. म्हटलं, ही रोज काढायची, आणि काढताना एकाचं नाव घ्यायचं.

तिने गाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "मास्तरीण, ही मूठ कोनावर?"

मला हसू आलं. तिच्या बोलण्यात 'मूठ' म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मूठ मारणं, करणी करणं, मंतरलेले दाणे कोणाच्या नावाने टाकले की तो माणूस अंथरूण धरतो, हे सगळं आपल्याकडेही बोललं जातं. पण कंपाउंडात वाढलेल्या पोरीला तो शब्द ऐकून आईचं गाडगं आठवे; ते दुसरं सगळं अडाण्यांचं. मी म्हटलं, "कोणावर नाही गं. देवाला."

"मंग नाव कोनाचा घ्यायाचा?"

"ज्याचं भलं व्हावं वाटतं त्याचं."

तिने स्वतःची मूठ मिटून उघडून पाहिली. मग तिचा चेहरा उजळला. "म्हंजी चांगली मूठ."

तेव्हा मी दुसरा शब्द काढायला हवा होता. भाग म्हणायचं, घास म्हणायचं, वाटा म्हणायचं; मराठीत शब्दांचा काही दुष्काळ नाही. पण मला ते फार गोड वाटलं. मी म्हटलं, "हो, चांगली मूठ." आणि घरी येऊन ह्यांना हसत सांगितलं. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "शब्द बदल." मी म्हटलं, बदलते. नंतर विसरले.

बाय मात्र काही विसरणाऱ्यांतली नव्हती. तिच्याइतकी नेमाने मूठ टाकणारी बाई मी कंपाउंडातही पाहिली नाही. तिची मूठ मोठी होती, कष्टाने रुंदावलेली, आणि ती भरून काढायची, पसरून. सकाळी एक, संध्याकाळी एक. घरात धान्य नसे असे दिवस त्या भागात पुष्कळ. पावसाळा सरत आला की कणग्या रिकाम्या होतात आणि लोक रानातले कडू कंद उकडून, रात्रभर पाण्यात ठेवून खातात. त्या दिवसांत मी एकदा तिच्याकडे गेले तर ती चुलीपुढे कंद सोलत होती. आधण ठेवून ती उठली, गाडग्यावर रिकामी मूठ धरली, डोळे मिटले, कोणाचं तरी नाव घेतलं आणि मूठ उघडली. गाडग्यात काहीच पडलं नाही.

मी विचारलं, "हे काय?"

म्हणाली, "दानं नाय म्हून काय झालां? हात तं हाय."

माझे डोळे भरून आले. मी त्या रिकाम्या मुठीवर मिशनच्या मडमसाहेबांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी ते बायांच्या सभेत वाचून दाखवलं म्हणे, आणि ऐकणाऱ्या बाया रडल्या. मला त्या पत्राचा अजूनही कधी कधी अभिमान वाटतो आणि मग लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी पाड्यात एक गोष्ट झाली. कारभाऱ्याची, म्हणजे पाड्याच्या प्रमुखाची गाय अडली होती. बायने आपणहून तिच्यासाठी मूठ टाकली आणि गाय सुखरूप सुटली. मग एकाच्या पायाची जखम भरली. मग एकीचा नवरा गुजरातेत लाकूड तोडायला गेला होता तो परत आला. लोक बायकडे येऊ लागले. "माझा नाव टाक तुझ्या मुठीत," असं बाया पाणवठ्यावर तिला सांगायच्या. ती माझ्याकडे येऊन बोटांवर मोजायची, आज अमकी, उद्या तमका. रविवारी आमच्या ओट्यावर भजनाला तीन माणसं असायची ती अकरा झाली, मग सोळा. हे म्हणाले, "लोक कशासाठी येतायत ते एकदा त्यांच्याशी बोलायला हवं." मी म्हटलं, "येतायत ना? मग येऊ देत. पुढचं देव बघेल." खरं म्हणजे सोळा हा आकडा मला अहवालात लिहायचा होता.

जी मूठ बरं करते ती मारूही शकते, हे त्या सोळाजणांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकट्या मला ते कळलं नव्हतं, आणि त्या सोळांची शिक्षिका मी होते.

तिकडे दूर लढाई संपत आली होती म्हणे. आमच्याकडे त्या साली पाऊस अर्ध्यावर तुटला आणि त्यामागून तो ताप आला. त्याच्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय, मी वेगळं काय लिहू. सकाळी माणूस अंग दुखतं म्हणे, चौथ्या दिवशी त्याला उचलत. पाड्यात एक घर कोरं राहिलं नाही. आमच्याजवळ मिशनने दिलेल्या क्विनाइनच्या गोळ्या होत्या. त्या कडू लागत, बाकी काही करत नसत. शेवटी हेही आडवे झाले. मी ह्यांच्या उशाशी बसून होते आणि बाहेर कोणाकोणाच्या रडण्याचे आवाज येत होते.

बायला ताप आला नाही. तिला तो का आला नाही हे देव जाणे. एखादा दिवस जरी आला असता तरी तिचं आयुष्य वाचलं असतं असं मला आजही वाटतं.

ती घरोघर फिरत होती. पेज पाजायची, पाणी द्यायची आणि सगळ्यांची नावं मुठीत घ्यायची. रोज एक नाव पुरेना म्हणून रोज आठ, रोज दहा. धान्य नव्हतंच, त्यामुळे रिकाम्याच मुठी. ज्यांची नावं घेतली त्यातले निम्मे गेले. न घेतलेल्यांतलेही निम्मेच गेले असतील, पण ते मोजायला कोण बसलं होतं.

मग जावेची पोर तापली. जावेने स्वतः तिला सांगितलं, "माझे पोरीचा नाव घे. रोज घे." ती रोज घेत होती. सकाळ-संध्याकाळ गाडग्यापाशी उभी राहून, मूठ उघडून, मोठ्याने, कारण पलीकडे भिंतीशी टेकून बसलेल्या जावेला ते ऐकू गेलं तर धीर येईल. पाचव्या दिवशी दुपारी पोर गेली.

त्यानंतर दोन दिवस पाड्यात कोणी मोठ्याने बोललं नाही. तिसऱ्या दिवशी भगताला बोलावलं. भगत म्हणजे तिथला देवऋषी. कोणाला काय बाधलं हे तो तांदळाचे दाणे मांडून सांगतो. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने माझ्या ह्यांच्यासाठी पाला वाटून दिला होता आणि मी तो घेतलाही होता. त्याने दाणे मांडले आणि विचारलं, मेलेल्यांची नावं रोज कोण घेत होतं? उत्तर द्यायला त्याला दाण्यांची गरज नव्हती. सगळ्या पाड्याला ते तोंडपाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभाऱ्याच्या अंगणात पाडा जमला. मला बोलावलं नव्हतं. पण ओट्यावरून दिसत होतं, आणि बाय मधोमध एकटी बसलेली दिसली. हे उठू शकत नव्हते. मला म्हणाले, "जाऊ नकोस. बरा होऊन मी बोलतो." मी म्हटलं, तोवर काही उरणार नाही. तेव्हा ते म्हणाले, "मग कमी बोल."

मी गेले. कारभाऱ्याने मला बसायला पाट दिला. त्याच्या घरची दोन माणसं त्या आठवड्यात गेली होती, डोळे आत गेले होते, आणि तरी त्याने पाट दिला. बाय मान खाली घालून होती. जाव समोर बसली होती आणि तिच्याकडेच बघत होती.

कारभारी म्हणाला, "हिनां गाडग्यावर मूठ उघडली, पोरीचा नाव घेतला. जावनां ऐकलां. ही नाय म्हनत नाय."

तेव्हा मी उभी राहिले. माझा सारा जन्म उपदेश ऐकण्यात गेलेला. खरं बोललं की खरं जिंकतं अशी माझी समजूत. मी म्हटलं, "हिचा काही दोष नाही. तिला काहीच माहीत नव्हतं. मूठ तिला मी शिकवली. नाव घ्यायला मी सांगितलं. माझ्या घरीही गाडगं आहे, मीही टाकते. माझ्या आईनेही टाकली."

मी आणखी बोलणार होते. ती मूठ नव्हे ही मूठ, हे सांगायचं होतं, देव, दान, विधवांचं धान्य. पण समोर बघितलं आणि थांबले. बायांनी पोरं जवळ ओढली होती. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी सरकत सरकत दूर गेली. कोणी ओरडलं नाही. भगताने मान हलवली, त्याच्या मनातलं एक कोडं सुटावं तशी.

बायला वाचवायला गेले आणि मी तिच्या विरुद्ध साक्ष दिली. इतकी स्पष्ट साक्ष पाड्यात दुसऱ्या कोणी दिली नसती.

शेवटी कारभारी बोलला. "मास्तरीण, तू भायेरची. तुजा देव येगळा. तुला आमी हात नाय लावायचो, संस्थानचा कागद हाय तुज्याकडं. पन तू बोललीस ता आमी ऐकलां." मग तो बायच्या नवऱ्याकडे वळला. तिला ठेवशील तर तुझ्या हातचं पाणी कोणी घेणार नाही आणि तुझ्या मयताला खांदा कोणी देणार नाही, असं त्याने सांगितलं. नवरा उठला. घरी जाऊन तिचं दुसरं लुगडं आणि एक विळा फडक्यात बांधून आणला, तिच्यापुढे ठेवला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. तो रडत होता. पण त्याने ते फडकं आणलं ते आणलंच.

गाडगं लोकांनी काठीने बाहेर ढकलत नेलं. आत उन्हाळ्यापासून साठवलेली, देवाची म्हणून उपाशी राहूनही तिने न शिवलेली नागली होती, तीन-चार पायल्या तरी. त्या वर्षी लोक आंब्याच्या कोया दळून खात होते. ती नागली त्यांनी ओढ्याच्या कोरड्या पात्रात ओतली आणि तिच्यावर दगड रचले. कोंबड्याही तिथे जाऊ नयेत म्हणून. भुकेल्या माणसांनी दाण्याला हात लावला नाही, इतकं भय मी त्यांना शिकवलं होतं, आणि शिकवताना मला वाटत होतं की मी विश्वास शिकवतेय.

हे बरे झाल्यावर आम्ही पाडा सोडला. शाळा बंद पडली. ह्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं; मला भांडता आलं असतं. बायला आम्ही बरोबर नेलं, त्र्यंबकच्या वाटेने, नाशिककडे कंपाउंडात. वाटेत ती दोनदा थांबून मागे वळली. मला वाटलं घराकडे बघतेय. ती पोरीला पुरलं होतं त्या बाजूला बघत होती.

कंपाउंडात तिला काम मिळालं, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात दळण आणि निवडणं. लोक चांगले वागले. पाळकांनी तिला पुष्कळ समजावलं की तुझ्यावर आळ आला, तू निर्दोष आहेस, प्रभूवरही आळ आला होता. ती ऐकून घ्यायची. पण माझ्या लक्षात एक आलं. ती धान्याला तळहात लावायची नाही. सुपात पाखडायची, निवडताना खडा तेवढा चिमटीने उचलायची, जात्यात वाटीने घालायची, सांडलं तर केरसुणीने गोळा करायची. धान्यावर मूठ म्हणून ती मिटायचीच नाही. पीक हाती आलं की होणाऱ्या उपकारस्तुतीच्या सणाला सगळ्या बाया गाडगी घेऊन वेदीपाशी जात तेव्हा ती दाराबाहेर चपलांपाशी उभी राहायची.

एकदा मी तिला सरळ विचारलं. म्हटलं, "बाय, तुला खरंच वाटतं का, तू त्या पोरीला मारलंस?"

ती निवडत होती. खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "मारलां का नाय, ता तुला म्हाईत नाय. मलाबी नाय. नाव तं मींच घेतला."

मी ताप, साथ, मुंबईत मेलेली माणसं, साहेबांच्या बंगल्यात मेलेली माणसं, सगळं सांगितलं. साहेबाची बायकोही त्यातच गेली, तिचं नाव काय तू घेतलं होतंस? ती म्हणाली, "नाय." आणि निवडत राहिली. माझ्याजवळ तिला देण्यासारखं तर्काशिवाय काही उरलं नव्हतं, आणि तर्क तिच्या उपयोगाचा नव्हता.

या काळात माझी मूठ चालूच होती. उलट पूर्वीपेक्षा नेमाने. शनिवारची थकबाकी बंद झाली होती, नाव रोज एकच, तिचं. तिला बरं वाटू दे, तिला शांती दे, तिला विसर पडू दे. मी हे तिला कधी सांगितलं नाही. देव ऐकतो अशी माझी अजून खात्री होती. निदान ऐकत असावा अशी.

दुसऱ्या पावसाळ्यात तिची छाती भरली. दवाखान्याच्या ओसरीत तिला खाट दिली होती. मी रोज दुपारी जाऊन बसायची. एके दिवशी ती बरीच हुशार दिसली. पेज मागून घेतली, उशाला टेकून बसली, आणि पुढच्या उन्हाळ्यात आपण पाड्याकडे जाऊन बघू म्हणाली. लांबूनच बघू, टेकडीवरून, नवऱ्याचं शेत नांगरलेलं दिसलं तरी पुरे. मला इतका आनंद झाला की मी उठताना बोलून गेले, "आता घरी जाते, आधण ठेवते आणि आज तुझ्या नावाची मोठी मूठ टाकते."

तिने माझं मनगट धरलं. हाडं उरली होती, तरी पकड घट्ट होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, आणि ती मला भीत होती.

"नको, मास्तरीण," ती म्हणाली. "माझा नाव नको घेऊ. मी बरी व्हयन अजून."

मी म्हटलं, नाही घेणार. तिने शपथ घातली, स्वतःच्याच गळ्याची. मग सोडलं.

घरी आले. आधण उकळत होतं. तांदूळ धुतले, मोजून होते तेवढे सगळे पातेल्यात सोडले आणि वर झाकण ठेवलं. त्या दिवशी मूठ काढली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. दिलेला शब्द मी पाळला. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. तिच्यासाठी त्या चार दिवसांत मी देवाजवळ एक शब्दही बोलले नव्हते, आणि दवाखान्यातून निरोप घेऊन आलेल्या बाईने सांगितलं की शेवटपर्यंत ती विचारत होती, मास्तरणीने नाव घेतलं तर नाही ना.